वाचकांचे प्रश्न : नव्या चौकाची कोंडी

प्रश्न : आमच्या शहराच्या मुख्य चौकातील सिग्नल काढून मध्यभागी वर्तुळ बांधल्याला काही महिने झाले. पूर्वी सिग्नलवर थांबावे लागे, पण आपली पाळी कधी येणार हे तरी कळत असे. आता चारही बाजूंनी वाहने एकदम घुसतात, वृद्धांना आणि शाळकरी मुलांना रस्ता ओलांडता येत नाही, आणि गाळपाचा हंगाम सुरू झाल्यापासून उसाचे ट्रॅक्टर वर्तुळाला अडून उभे राहतात. जुना चौक परत करावा, अशी व्यापाऱ्यांची मागणी आहे. ती रास्त आहे का?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : आपला संताप पूर्णपणे रास्त आहे, मागणी मात्र अर्धीच रास्त आहे. चार रस्ते एकत्र येणाऱ्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना भिडण्याच्या 32 जागा असतात आणि त्यांपैकी 16 ठिकाणी ते एकमेकांना आडवे छेदतात. जिवावर बेतणारे अपघात मुख्यतः या आडव्या छेदांवर होतात. एकपदरी वर्तुळात अशा जागा आठवर येतात, त्यांत आडवा छेद एकही नसतो, आणि प्रत्येकाला वळावेच लागत असल्याने वेगही आपोआप उतरतो. त्यामुळे वर्तुळाची कल्पनाच चुकीची होती, असे म्हणता येणार नाही.

तथापि, वर्तुळ नीट चालायचे तर चारही बाजूंची वाहतूक फारशी विषम असून चालत नाही. मुख्य रस्त्यावरून वाहनांची अखंड रांग येत असेल, तर आडव्या रस्त्यावरील दुचाकीस्वाराला आत शिरायला फटच मिळत नाही आणि अखेर तो जीव मुठीत धरून घुसतो. आपल्याकडे हेच घडत असेल, तर तेथे सिग्नलच योग्य ठरू शकेल. पण त्याचा निर्णय कोणत्या दिशेने किती वाहने येतात आणि कोठे वळतात याच्या मोजणीवरून व्हायला हवा, मोर्चाच्या आकारावरून नव्हे.

उसाच्या ट्रॅक्टरचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सवयीने सुटणारा नाही. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळतो तेव्हा मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाही. ती आतल्या बाजूने कापत जाते आणि तिचे चाक वर्तुळाच्या कठड्यावर चढते. ते टाळण्यासाठी चालक लांबून वळण घेतो आणि कोपऱ्यावरील पानटपरीपाशी अडकतो. आपल्या चौकातील कठडा जवळून पाहावा. काळ्या-पिवळ्या रंगावर टायरचे घासलेले पट्टे आणि निखळलेले कोपऱ्याचे दगड दिसले, तर तोच आपला सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्याची तारखेसह छायाचित्रे घेऊन ठेवावीत. यावर उपाय म्हणजे वर्तुळाभोवती ट्रॉलीचे चाक चढू शकेल असा बुटका, उतरता पट्टा बांधणे. त्यासाठी सगळे वर्तुळ पाडण्याची गरज नाही. जेथे दरवर्षी ऊस वाहून नेला जातो, त्या जिल्ह्यात आराखडा करणाऱ्याला ही गोष्ट सांगावी लागावी, याचे मात्र नवल वाटते.

माझ्या मते सर्वांत मोठा दोष पादचाऱ्यांच्या बाबतीत आहे. सिग्नल गेला की वाहने थांबण्याचा हक्काचा क्षणही जातो आणि त्याच्या बदल्यात पादचाऱ्याला काहीतरी मिळालेच पाहिजे. माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असे गृहीत धरले जाते. त्या हिशेबाने 14 मीटरचा रस्ता ओलांडायला सुमारे 12 सेकंद लागतात, आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना त्याहून अधिक. बाजाराच्या वेळी एवढी सलग मोकळीक मिळणे कठीणच. म्हणून झेब्रा पट्टे वर्तुळाच्या तोंडाशी न आखता एक गाडी मावेल इतके मागे आखावेत आणि दोन्ही दिशांच्या मध्ये उभे राहण्यापुरती सुरक्षित जागा ठेवावी, म्हणजे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. बऱ्याच ठिकाणी ही जागा असतेही, पण ती वाढदिवसाच्या शुभेच्छाफलकांनी आधीच अडवलेली असते.

अशा चर्चेत लातूरच्या गंजगोलाईचा दाखला हमखास दिला जातो. परंतु 1917 मधील मुख्य इमारतीभोवती 16 रस्ते जुळणारी ती रचना बाजारपेठेची आहे. गिऱ्हाइकाने तेथे यावे, रेंगाळावे हा तिचा हेतू. आपल्या चौकातून लोकांना पलीकडे जायचे आहे, त्यामुळे हा दाखला येथे लागू पडत नाही.

प्रश्न : वर्तुळात आधी कोणी जायचे, यावरून रोज वाद होतात. नियम काय आहे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : 2017 च्या वाहनचालनविषयक केंद्रीय नियमांनुसार जे वाहन आधीच वर्तुळात आहे, त्याचा हक्क पहिला. आपण डावीकडून चालत असल्याने ते वाहन आपल्या उजव्या हाताने येते. त्याला जाऊ द्यावे आणि मगच आत शिरावे. हॉर्न वाजवल्याने किंवा वाहन मोठे असल्याने हा क्रम बदलत नाही.

प्रश्न : चौकाच्या रचनेबद्दल तक्रार केली की प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवते. दाद कोठे मागावी?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : प्रथम रस्ता कोणाच्या मालकीचा आहे, हे लेखी विचारावे, शहरातून जाणारा रस्ता राज्य मार्ग किंवा राष्ट्रीय महामार्ग असू शकतो आणि दिवे, गटारे व पदपथ मात्र स्थानिक संस्थेकडे असतात. माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवे. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयापुरता आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून गाऱ्हाणे न मांडता थेट कागद मागावेत : वाहनगणनेचा अहवाल, मोजमापांसह मंजूर नकाशा आणि ठेकेदाराच्या दोषदायित्वाची मुदत, म्हणजे कामातील दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याचा काळ. याच कायद्याने प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचाही हक्क दिला आहे. नकाशा हाती आल्यावर टेप घेऊन ती जरूर करावी. तफावत आढळल्यास त्याच कागदांच्या प्रती जोडून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे निवेदन द्यावे. ते दोषदायित्वाची मुदत संपण्याच्या आत पोहोचले पाहिजे. त्यानंतर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होत नाही, तिच्यासाठी नवी निविदा निघते.