स्क्रॅच सोडवून पायथॉनचा क्लास लावावा का?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. वर्षभर स्क्रॅचवर, म्हणजे पडद्यावर सूचनांचे तयार ब्लॉक जोडून प्रोग्राम करायच्या भाषेत, गोष्टी नि गेम बनवतेय. तिचे बाबा म्हणतात, हा पोरखेळ पुरे, आता पायथॉन या टाइप करून लिहायच्या भाषेचा क्लास लावू. फी बरीच आहे. काय करावं? – एक आई, कराड

उत्तर : ताई, घाई करू नका. ब्लॉक जोडणं म्हणजे पोरखेळ, हा समज मला मनापासून खटकतो. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा संगणकशास्त्राची ओळख करून देणारा अभ्यासक्रम स्क्रॅचनेच सुरू होतो, सी भाषा त्यानंतर येते. नवशिक्याचा निम्मा जीव राहून गेलेला कंस नि अर्धविराम शोधण्यात जातो. ब्लॉकमध्ये न जुळणारे तुकडे एकमेकांत बसतच नाहीत, म्हणून सगळं लक्ष तर्काकडे राहतं.

तिला किती समजलंय, हे घरीच पाहता येईल. पेनच्या ब्लॉकने चौरस काढायला सांगा. 'पुढे जा, ९० अंश वळ' हे तिने चारदा जोडलं की तेच पुन्हा करायला लावणारा रिपीट ब्लॉक वापरला? मग षटकोन काढू दे. मग स्वतःचा एकच ब्लॉक बनवून, बाजूंची संख्या बाहेरून देऊन, हवा तो सुसम बहुभुज. प्रत्येक वळण ३६० भागिले बाजू, हे तिचं तिला उमगलं तर लूप (तीच सूचना पुन्हा पुन्हा), व्हेरिएबल (बदलती किंमत), फंक्शन (नाव देऊन हवा तेव्हा वापरायचा कोडचा तुकडा) तिन्हींची ओळख झाली, आणि बाह्यकोनांची भूमितीही पक्की झाली. आकृती बिघडली की ती अंदाजाने ब्लॉक हलवत बसते, की एकेक पायरी तपासते? माझ्या लेखी हे सगळ्यात महत्त्वाचं.

बाबांचं म्हणणंही अगदीच चूक नाही. स्क्रॅचमध्ये आपण बनवलेला ब्लॉक हिशेब करून उत्तर परत देत नाही. बर्कले विद्यापीठाच्या स्नॅप या ब्लॉकच्याच भाषेत ती सोय आहे, पण कोड टाइप करणं आणि एरर वाचून चूक शोधणं तिथेही फारसं होत नाही. त्यामुळे बहुभुज जमला की पायथॉन जरूर सुरू करा, फक्त नव्या धड्याने नको. पायथॉनमध्ये टर्टल नावाचं मोड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, आहे. पडद्यावर कासव फिरवून चित्र काढण्याची ही कल्पना लोगो या जुन्या भाषेतली. तिने तोच बहुभुज टर्टलमध्ये लिहावा, स्क्रॅचचे ब्लॉक शेजारी उघडे ठेवून. कुठला ब्लॉक कुठल्या ओळीत गेला, हे तिने तुम्हा दोघांना समजावून सांगावं.

पुढे संगणकशास्त्राकडे जायचं असेल तर अकरावीत गणित सोडू नका.

स्क्रॅच, स्नॅप, पायथॉन, तिन्ही मोफत आहेत. स्क्रॅच तर उतरवून घेतलं की नेटशिवायही चालतं. घरी फक्त मोबाइल असेल तर क्लासची फी वाचवून त्यात जुना लॅपटॉप बघा.