भाच्याची तहान आणि सासूबाईंची साखर

ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी बहिणीला फोन लावा. भाचा अकरा वर्षांचा, तीन आठवडे घटाघटा पाणी पितोय, कधीच सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय परत आलीय आणि चार किलो वजन उतरलंय, असं तुम्ही लिहिलंय. ही डायबेटिसची लक्षणं असू शकतात, त्याची रक्तातली साखर आजच्या आज बघा. सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये नेऊ म्हणून थांबू नका. आजूबाजूला कुणाकडे तरी ग्लुकोमीटर, म्हणजे घरी साखर मोजायचं यंत्र, असतोच, नाहीतर जवळच्या दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त घेऊन काही सेकंदांत आकडा मिळतो. त्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करायला सांगा. बोटाला आंब्याचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो. २०० किंवा वर आला, तर आज रात्रीच मुलांचा विभाग असलेलं हॉस्पिटल गाठा. उलटी, पोटदुखी, धाप किंवा गुंगी यातलं एक जरी दिसत असेल, तर आकड्यासाठीही थांबू नका. आकडा कमी आला तरी उद्या डॉक्टरांना दाखवाच, कारण इतकं वजन उगाच उतरत नाही.

एवढं घाईने सांगतेय, कारण आमच्याकडे नेमके हेच तीन आठवडे वाया गेले. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. मे महिना, त्यामुळे पाणी जास्त पितेय याचं कुणालाच काही वाटलं नाही. मागच्या वर्षीचा फ्रॉक कमरेत सेफ्टी पिन लावून घालावा लागला, तर म्हणे उंची वाढतेय, मुली या वयात बारीक होतातच. गळून जातेय म्हणून मी स्वतःच्या हाताने दिवसातून दोनदा ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून पाजली. एक दिवस मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग दिसली. मी मुंग्यांची पावडर टाकली आणि विसरून गेले. लघवीला मुंग्या लागतात हे आजीच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं, पण डायबेटिस म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं दुखणं हे डोक्यात पक्कं बसलेलं. मग उलट्या सुरू झाल्या. पित्त म्हणून औषध मिळालं, साखर कुणी बघितलीच नाही. दोन दिवसांनी ती झोपेतही धावून आल्यासारखा खोल श्वास घेत होती आणि तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा वास येत होता. हॉस्पिटलात मीटरवर आकडा उमटलाच नाही, नुसतं ‘हाय’ आलं. म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याच्याही वर.

आत काय घडतं ते कळलं की ही लक्षणं विसरायला होत नाहीत. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, आणि म्हणूनच तहान. जास्त पाणी पितो म्हणून जास्त लघवीला जातो, असं घरोघरी म्हणतात. इथे उलटं असतं. दुसरीकडे इन्सुलिन नसल्यामुळे पेशींना साखर वापरता येत नाही, मग शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळायला घेतं आणि वजन उतरतं. चरबी जळताना तयार होणारे किटोन साचले की रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या, पोटदुखी, धाप हे सगळं त्यातून येतं आणि मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

याला टाइप १ डायबेटिस म्हणतात. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. चॉकलेटं खाल्ली म्हणून झालं, आईने लाड केले म्हणून झालं, असं बहिणीला कुणी बोललं तर तुम्ही तिथेच थांबवा, त्यात काडीचं तथ्य नाही. निदान झालं की पहिल्या दिवसापासून इन्सुलिन लागतं आणि त्याला काढा, चूर्ण, पथ्य यांपैकी कशाचाही पर्याय नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी ही मुलं फार दिवस जगत नसत. माझी मुलगी आज तेवीस वर्षांची आहे, नोकरी करते.

आता बहिणीच्या सासूबाई. त्यांना साखर आहे, पण त्यांना असं काहीच झालं नव्हतं, म्हणून भाच्याचा हा डायबेटिस नसेल, असं तुमच्या घरी म्हणतायत. त्यांचा बहुधा टाइप २. त्यात इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही आणि हळूहळू ते अपुरंही पडतं. हे वर्षानुवर्षं मुकाट चालतं. अनेकांना ते दुसऱ्याच कशासाठी केलेल्या रक्ततपासणीत कळतं. लक्षणं असलीच तर जखम न भरणं, जांघेत किंवा लघवीच्या जागी परत परत खाज, तळपायांना मुंग्या येणं, नजर अधूनमधून धूसर होणं. मानेच्या मागे काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा दिसते, ती लोक मळ समजून घासत बसतात. ती मळ नव्हे, इन्सुलिनला दाद मिळत नसल्याची खूण असू शकते. तरुण मुलांच्या मानेवर दिसली तरी तपासून घ्या.

आणि बारीक माणसाला टाइप २ होत नाही, हेही खरं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपल्याकडची चरबी कपड्यांवरून कळत नाही, ती पोटात असते.

वयावरून प्रकार ठरवतात तिथेही फसगत होते. माझ्या मामेभावाला अडतिसाव्या वर्षी साखर निघाली, दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या, आकडा काही खाली येईना आणि वजन घटतच गेलं. शेवटी अँटिबॉडी (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उठलीय का ते दाखवणारी तपासणी) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते दाखवणारी) तपासलं तेव्हा तो सावकाश आलेला टाइप १ निघाला. गरोदरपणातली साखर वेगळी, ती बहुतेकदा बाळंतपणानंतर जाते, पण त्या बाईला पुढे टाइप २ चा धोका राहतो, म्हणून तपासणी सोडायची नाही. घरात तीन पिढ्या लहान वयातच साखर निघत असेल तर जनुकीय प्रकाराबद्दल डॉक्टरांना विचारा.

सासूबाईंच्या रिपोर्टसाठी आकडे असे: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त. लक्षणं नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, परत तपासतात. एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज. रक्त कमी असेल किंवा विदर्भात अनेक घरांत आहे तसा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल, तर तो फसवू शकतो, हे डॉक्टरांना आधीच सांगा.

पण हे सगळं उद्या. आज भाच्याला नेताना मागेल तेवढं साधं पाणी द्या. सरबत, शहाळं, ग्लुकोजची पावडर अजिबात नको. केसपेपर काढताना नुसतं ‘उलट्या होतायत’ किंवा ‘अशक्तपणा आहे’ म्हणू नका. तहान, लघवी आणि उतरलेलं वजन, तिन्ही एका दमात सांगा आणि साखरेबरोबर किटोनही बघा म्हणा. आकडा कळला की मला कळवा, रात्री कितीही वाजले तरी चालतील.