जमीन त्यांची, तेल सरकारचं

प्रश्न: इक्वाडोरमधल्या वाओरानी आदिवासी बायकांनी अ‍ॅमेझॉनचं जंगल वाचवायला कोर्टात केस जिंकली असं वाचलं. पण जमीन त्यांच्या नावावर असताना तिथे तेल काढायचा विषय निघतोच कसा? आणि दरवेळी बायकाच पुढे दिसतात, पुरुष कुठे असतात?

उत्तर: पहिलं सोपंय. तिथे जमीन जमातीच्या नावावर असली तरी जमिनीखालचं तेल सरकारचं, हे इक्वाडोरच्या राज्यघटनेतच आहे. सरकार नकाशावर चौकोन आखतं, त्यांना ब्लॉक म्हणतात, आणि ते लिलावात काढतं. फक्त त्याआधी तिथल्या लोकांना विचारायला हवं, हेही त्याच घटनेत आहे. सरकार म्हणे आम्ही २०१२ मध्येच विचारलं, वाओरानी म्हणे की तुम्ही आलात, धड समजेल असं काही न सांगता गेलात, याला विचारणं म्हणतात का. केस सगळी यावर.

पास्तासा प्रांतातल्या वाओरानींच्या पहिल्या महिला अध्यक्ष नेमोंते नेनकिमो यात पुढे होत्या. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते नकाशाचं काम. सरकारच्या नकाशावर ब्लॉक २२, म्हणजे त्यांचं जंगल ज्यात येतं तो चौकोन, नुसती हिरवी जागा, म्हणून गावागावातले म्हातारे आणि तरुण मिळून जीपीएस घेऊन जंगलात फिरले आणि शिकारीच्या वाटा, मासे मिळतात ती ठिकाणं, औषधी झाडं, जुन्या लढायांच्या जागा सगळं नकाशावर आणलं. रिकामं काही नव्हतंच! सुनावणीतही एकदा दुभाषा नीट नाही म्हणून म्हाताऱ्या बायका कोर्टातच गायला लागल्या, थांबेचनात, शेवटी सुनावणी पुढे ढकलावी लागली. २६ एप्रिल २०१९ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि सुमारे ५ लाख एकर जंगल लिलावातून वाचलं.

आता पुरुष. तेही असतात हो, नकाशात होते, मोर्चात होते. पण कंपनी आली की मजुरी पुरुषांना मिळते, वाटाघाटीला पुरुष पुढारी बोलावले जातात, आणि नदीचं पाणी, कसाव्याची (ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो) शेती, आजारी पोरं हे बायकांच्या वाट्याला येतं. मग दोघांचा हिशोब वेगळा होणारच ना. २०१३ चं उदाहरण बघा. इक्वाडोरच्याच अ‍ॅमेझॉनमधल्या यासुनी राष्ट्रीय उद्यानात तेल काढायचं की नाही यावर संसदेत चर्चा होती, वाओरानी संघटनेचे अध्यक्ष तेल काढण्याच्या बाजूने, आणि त्यांच्याच उपाध्यक्ष अलिसिया काउइया यांनी तिथे उभं राहून सरळ विरोध केला. पुढे धमक्या आल्या त्यांना. त्याच महिन्यात वेगवेगळ्या जमातींच्या बायका पोरंबाळं घेऊन पास्तासातल्या पुयो शहरातून राजधानी कितोपर्यंत मोर्चा घेऊन गेल्या.

एक मात्र लक्षात घ्या, २०१९ च्या निकालाने तेलावर बंदी आणलेली नाही. नीट विचारा एवढंच कोर्ट म्हणालं, म्हणजे सरकार पुन्हा विचारायला येऊ शकतं. यासुनीत तर २०२३ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के लोकांनी तेल जमिनीतच राहू द्या म्हणून मत दिलं, विहिरी बंद करायला वर्षाची मुदत होती, ती उलटून गेली तरी तेल निघतच होतं. म्हणून या बायका निकालानंतरही घरी बसलेल्या नाहीत.