कोल्हापुरात जुन्या बाजारातल्या वस्तू आणि काउबॉय चित्रं घेऊन घरचा हॉल कसा सजवावा?

राजारामपुरीतला १२ बाय १६ फुटांचा हॉल, आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळ्यांची बैठक तिथंच, खर्च चाळीस हजारांच्या आत, फर्निचर जुनं आणि भिंतीवर घोडे, काउबॉय, अमेरिकेतली माळरानं. तुम्ही विचारलंय, हे जमेल का. जमेल, आणि कोल्हापुरात चांगलं जमेल. या शैलीचा सगळा जीव लाकूड, कातडं, लोखंड आणि लोकर यांत आहे, आणि या चारही गोष्टी आपल्याकडं अस्सल मिळतात. प्लॅस्टिकचं निवडुंग, खोटं पिस्तूल, भिंतीभर हॅट असलं काही आणू नका. चित्रं दोन-तीनच, पण नीट छापून नीट फ्रेम केलेली. बाकी खोली आपल्या मातीतली राहू द्या.

आधी भिंत. बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी टेप लावून दोन दिवस चिकटवून ठेवा. आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडं, पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येतेय. ती बाहेरून बंद केल्याशिवाय रंग लावला तर पुढच्या पावसाळ्यात पोपडे पडतील आणि त्या भिंतीवरच्या चित्रांना बुरशी लागेल. दहा फूट उंची धरली तर दारं-खिडक्या वजा जाता साधारण ४६० चौरस फूट भिंत होते. दोन हातांना लिटरमागं ६० ते ७० चौरस फूट धरा, म्हणजे सात-आठ लिटर इमल्शन पुरेल. तीन भिंती उबदार पांढऱ्या आणि चित्रांची भिंत गेरूच्या रंगाच्या जवळची ठेवा. काम दिवाळीनंतर काढा.

खरी मेहनत खरेदीत आहे. टेप घेऊन जा आणि निघण्याआधी घराचं दार, जिन्याचं वळण, लिफ्ट मोजून ठेवा. सागवानी कपाट जिन्यात अडकलं की ते कापावं तरी लागतं नाहीतर परत तरी पाठवावं लागतं.

कोल्हापुरात जुनं फर्निचर घेताना पहिली शंका पुराची घ्यायची. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शाहूपुरी, नागाळा पार्कसारख्या भागांत घरांत पाणी शिरलं होतं आणि तिथलं काही सामान अजूनही बाजारात फिरत असू शकतं. वस्तू उलटी करून पाय बघा. खालच्या सहा-आठ इंचांत प्लायचे थर सुटलेत का, स्क्रूच्या भोकांत गाळ बसलाय का, खणाच्या मागच्या फळीवर मातकट आडवी रेघ आहे का. खण पूर्ण बाहेर काढून आत नाक घाला, गाळाचा वास पॉलिशनं जात नाही. सागवान भिजून नीट वाळलेलं असेल तर चालतं, फक्त सांधे तपासा. प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड भिजलेलं असेल तर फुकटही घेऊ नका.

दुसरी शंका किडीची. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली की खाली काळा कागद ठेवून लाकडावर ठोका. पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. वस्तू हवीच असेल तर लाकडाचं तेलयुक्त कीडनाशक सुईच्या सिरिंजनं प्रत्येक भोकात भरा, वस्तू प्लॅस्टिकमध्ये तीन दिवस गुंडाळून ठेवा आणि मग भोकं मेणानं बुजवा. हे काम गच्चीवर, हातमोजे आणि मास्क घालून करायचं. आणि गादी-कुशनसकट काहीही घरात घेऊ नका. ढेकूण शिवणीत आणि वेताच्या विणीत लपतात, उन्हात टाकून सगळे मरत नाहीत. फक्त सांगाडा घ्या, जुना फोम आणि कापड दुकानातच राहू द्या.

नवा फोम बसायला ४० डेन्सिटीचा, चार इंची. २२ बाय २२ इंचांच्या एका सीटला ५४ इंची पन्ह्याचं सव्वा मीटर कापड पाइपिंगसकट पुरतं. अख्खा सोफा कातडी करायचा मोह टाळा. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढते आणि घरात लहान मुलं असताना ती रोज पुसणं होत नाही. जाड सुती कापड घ्या आणि कातडं पट्ट्यांपुरतं वापरा: पेटीची मूठ, पडद्याचे बंद, मासिकांचा स्टँड. कोल्हापुरी चपलेचं पारंपरिक कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. घोड्याचं खोगीरही पारंपरिक पद्धतीत झाडांच्या सालीनंच कमावलेल्या कातड्याचं करतात, म्हणून दोन्हींचा रंग आणि पोत इतका जुळतो. चप्पल करणाऱ्या कारागिराला तीन-चार मिलिमीटर जाडीच्या, सव्वा इंच रुंदीच्या पट्ट्या कापून द्यायला सांगा. बुरशी आली तर घराबाहेर कोरड्या फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा. उन्हात ठेवलं की कातडं तडकतं.

मधलं टेबल म्हणून जुनी लोखंडी ट्रंक किंवा सागवानी पेटी सोळा-सतरा इंच उंचीची बघा, सोफ्याच्या सीटएवढी किंवा इंचभर कमी. पेठांत जुनं घर उतरवलं की तुळया, खुंट्या, दारं निघतात. एका तुळईच्या तुकड्याचा चित्राखाली बसेल असा शेल्फ एक नंबर दिसतो.

पॉलिशचं थोडं सविस्तर सांगतो, कारण जुनी वस्तू बहुतेक वेळा इथंच बिघडते. आधीचं पॉलिश ओळखा: न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाका. मिनिटभरात चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं, आहे आणि खरवडून काढायची गरज नाही, त्यावरच नवा हात बसतो. काहीच झालं नाही तर व्हार्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन) आहे, ते घासून काढावं लागेल. आधी १२० नंबरचा सँडपेपर, मग १८०, शेवटी ३२०, आणि नेहमी रेषेच्या दिशेनं. आडवं घासलेलं त्या वेळी दिसत नाही, पॉलिश चढलं की प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात ते बरंच असू शकतं. पाणी मारून घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

एक लिटर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. कापसाची गुंडी मलमलीत बांधून पातळ आठ-दहा हात द्या, दोन हातांमध्ये अर्धा तास. दमट दिवशी हे करूच नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पॉलिशवर दुधाळ झाक येते. आलीच तर कोरड्या दिवसाची वाट बघा आणि स्पिरिटनं जेमतेम ओली केलेली गुंडी हलक्या हातानं फिरवा, झाक निघते. जिथं चहाचे कप ठेवणार तिथं मात्र चपडा नको, गरम कपाचं वळं उमटतं. तिथं पीयू मारा.

आता चित्रं. फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१-१९०९) यांचे धावते घोडे, तरुणपणी मोंटानात स्वतः काउबॉय म्हणून राबलेले चार्ल्स रसेल (१८६४-१९२६) आणि यलोस्टोनच्या दऱ्या रंगवणारे थॉमस मोरान (१८३७-१९२६) ही तीन नावं पुरे. तिघांच्या मूळ चित्रांवर आता कॉपीराइट राहिलेला नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ पासून आणि स्मिथसोनियननं २०२० पासून संग्रहातल्या कितीतरी कलाकृतींच्या मोठ्या फाइल खुल्या केल्या आहेत, त्या रीतसर उतरवून घ्या. २४ बाय ३६ इंचांच्या छपाईला किमान ३६०० बाय ५४०० पिक्सेल हवेत. त्याहून लहान फाइल असेल तर चित्र लहान छापा. मॅट कागदावर छापा, फ्लेक्सवर नको, आणि भिंतीच्या मापासाठी चित्राची कड कापू नका. मूळनिवासी अमेरिकनांचे पिसांच्या टोपातले फोटो मी लावणार नाही. ती कुणाच्या तरी घरची माणसं आहेत, शोभेची वस्तू नव्हेत. घोडे आणि निसर्ग घ्या.

शेजारी एक कोल्हापूरचं चित्र जरूर हवं. रेमिंग्टन-रसेल तिकडं रंगवत होते त्या काळात इथं चित्रकार आबालाल रहिमान रंकाळा, कोटितीर्थ या तलावांच्या परिसरातली निसर्गचित्रं करत होते. तुमच्या राजारामपुरीतच चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे, निसर्गचित्राची फ्रेम आणि मोकळी जागा कशी असते ते तिथं बघून या. दळवीज आर्ट किंवा कलानिकेतन या इथल्या चित्रकला शिकवणाऱ्या संस्थांतल्या एखाद्या विद्यार्थ्याकडून घोड्याचं चित्र करून घेतलंत तर आणखी चांगलं.

फ्रेम जुन्या घ्या, पण आतलं आधीचं चित्र न बघता फेकू नका. खालच्या काठावर रवि वर्मा प्रेसचं नाव छापलेलं असेल तर तो जुना ओलिओग्राफ (तैलचित्रासारखा दिसणारा रंगीत छाप) असू शकतो, जाणकाराला दाखवा. चित्र आणि काचेच्या मध्ये तीन इंच रुंदीचा ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) लागतोच. कागद काचेला टेकला तर दमट हवेत चिकटतो आणि सोडवताना फाटतो. मागची कड टेपनं बंद करा आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबराचे छोटे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळते. एवढ्या छोट्या गोष्टीनं बुरशी बरीच टळते.

२४ बाय ३६ चं आडवं चित्र माउंट-फ्रेमसह ४४ इंच रुंद होतं, म्हणजे सहा फुटी सोफ्यावर बरोबर बसतं. सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच वर लावा. इतर चित्रांचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर. काचेसह वजन सहा-सात किलो भरेल, त्यामुळं दोन हुक, प्रत्येकाला ६ मिमीचं भोक आणि प्लग. प्लग गिलाव्यात नाही, विटेत रुतला पाहिजे.

बैलगाडीचं चाक मिळालं तर एकच घ्या आणि भिंतीला टेकवून वर पट्टीनं पक्कं बांधा, लोखंडी धावेमुळं ते भयंकर जड असतं आणि मुलं त्यावर चढणारच. छताला टांगून झुंबर करू नका. जमिनीवर किंवा सोफ्यावर धनगरी घोंगडी टाका. काळ्या-पांढऱ्या नैसर्गिक लोकरीची घोंगडी या चित्रांखाली जितकी शोभते तितकं बाजारातलं कुठलंही नक्षीदार ब्लँकेट शोभत नाही. फक्त महिन्यातून एकदा झटकून उन्हात घाला, नाहीतर कसर लागते. दिवे २७०० ते ३००० केल्व्हिनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे. जुना धातूचा दिवा घेतलात तर वायर नवी, तीन तारांची, अर्थिंगसकट घालून घ्या.

पैशांचं म्हणाल तर लाकडी सामान आणि दुरुस्तीला अठरा हजार, फोम-कापडाला सात, रंगाला सात, छपाई-फ्रेमला सहा, दिव्यांना दोन असं धरून चला. कमी पडलं तर एक खुर्ची पुढच्या वर्षी घ्या, फ्रेमचे पैसे कापू नका.