नगरपंचायत, नगरपरिषद, नगरपालिका: कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आला आहे: "आमच्या तालुक्याच्या गावी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. लोक मात्र 'नगरपालिका झाली' म्हणतात. शेजारच्या गावाच्या पाटीवर 'नगरपरिषद' आहे. हे तिन्ही शब्द एकच का? आणि सरकारी कागदातलं 'संक्रमणात्मक क्षेत्र' म्हणजे काय?"

तिन्ही एक नाहीत, पण तुमच्या गावची माणसं चुकतही नाहीत. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने (ती १ जून १९९३ पासून लागू झाली) नागरी स्थानिक संस्थांचे तीन प्रकार ठरवले. खेड्यातून शहराकडे निघालेल्या भागाला नगरपंचायत, लहान शहराला नगरपरिषद आणि मोठ्या शहराला महानगरपालिका. घटनेच्या त्या भागाचं शीर्षक मात्र 'नगरपालिका' असंच आहे, आणि तिथे या शब्दात तिन्ही संस्था येतात. म्हणजे 'नगरपालिका झाली' हे वाक्य घटनेच्या अर्थानेही खरं ठरतं. 'नगरपालिका' हे कुळाचं नाव, 'नगरपंचायत' हे त्यातल्या एका घराचं.

'नगरपरिषद' लोकांच्या तोंडी फारशी का बसली नाही, याचं उत्तर इतिहासात आहे. आधी 'म्युनिसिपालटी' होती, मग 'नगरपालिका' आली आणि तीच जिभेवर रुळली. महाराष्ट्राचा १९६५ चा कायदासुद्धा सुरुवातीला इंग्रजीत 'म्युनिसिपालिटीज' याच नावाचा होता. आज त्याचं नाव 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' असं लांबलचक आहे.

मला या दोन शब्दांमधला फरक फार आवडतो. 'पालिका' म्हणजे पालन करणारी, सांभाळणारी. 'परिषद' मात्र 'परि' आणि 'सद्' यांपासून झाली आहे. सद् म्हणजे बसणे. सभोवती बसलेली मंडळी ती परिषद. संसद, सदन, सभासद, उपनिषद ही सगळी याच 'सद्'ची भावंडं. म्हणून पाण्याची टाकी, दवाखाना, शाळा यांच्याबद्दल बोलताना 'नगरपालिकेचा दवाखाना' सहज येतं, आणि ठराव, सभा, सदस्य यांच्याबद्दल बोलताना 'नगरपरिषदेचा ठराव' शोभतं. हा कायद्याचा नियम नाही, माझा कान आहे. पण लिहिणाऱ्याने एवढी जाण ठेवली तर मजकूर नेमका होतो.

राज्य बदललं की अर्थही सरकतो. मध्य प्रदेशात 'नगर परिषद' ही सर्वांत लहान संस्था, तिच्या वर 'नगर पालिका परिषद' आणि सगळ्यात वर 'नगर निगम'. इंदूरच्या मराठी घरात 'निगम' हा शब्द ऐकलात तर ती तिथली महानगरपालिका समजा. गोव्यात १९६८ चा कायदा पालिकांचा, त्यामुळे म्हापसा, मडगाव इथे मराठीत 'नगरपालिका' हेच नाव चालतं.

आता 'नगरपंचायत'. माझ्या आजोळच्या गावी ती झाली तेव्हा रंगाऱ्याने जुनीच पाटी वापरली होती. 'ग्रामपंचायत' मधलं 'ग्राम' खरवडून त्याने 'नगर' लिहिलं. दोन अक्षरांच्या जागी तीन बसवायची म्हणून ती चिंचोळी झाली, आणि शेजारचं 'पंचायत' आधीच्याच ऐसपैस अक्षरांत राहिलं. त्या शब्दाची घडणच मला त्या पाटीवर दिसली. पुढचा भाग नवा, मागचा जुना. 'पंचायत' मूळची पंचांची. तीच बोलीत 'पंचाईत' झाली आणि अडचण या अर्थाने रुळली.

'संक्रमणात्मक क्षेत्र' हे याच मधल्या अवस्थेचं कायद्यातलं नाव. करोनाच्या वर्षांत हिंदी बातम्यांमधून 'संक्रमण' हा शब्द 'संसर्ग' या अर्थाने आपल्याकडे शिरला, म्हणून अनेकांना वाचताना दचकायला होतं. त्याचा मराठीतला जुना अर्थ एका जागेहून दुसरीकडे जाणे. सूर्य मकर राशीत जातो ती मकरसंक्रांत, तसं गाव नगरात जातं ते संक्रमण. कोणतं गाव या वाटेवर आहे हे ठरवताना लोकसंख्या, तिची दाटी, स्थानिक उत्पन्न आणि शेतीबाहेरचा रोजगार पाहतात. महाराष्ट्रात नगरपंचायतीसाठी सर्वसाधारणपणे दहा ते पंचवीस हजार लोकसंख्या धरतात, त्यापुढे नगरपरिषद, आणि तीन लाखांपासून महानगरपालिका. २०१४ मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचा निर्णय झाला. तुमचं गाव तालुक्याचं, म्हणजे बहुधा त्याच वाटेने आलं असावं. आधी प्रारूप उद्घोषणा निघते, हरकती व सूचना मागवतात, मग अंतिम उद्घोषणा. पूर्वीची दवंडी आता राजपत्रात पिटली जाते, आणि ते राजपत्र गावात किती जण वाचतात?

या बदलात एक शब्द कायमचा जातो, त्याची मला खरी हळहळ आहे: ग्रामसभा. तिथे गावचा प्रत्येक मतदार आपोआप सदस्य असतो, उभा राहून सरपंचाला विचारू शकतो. नगरपंचायतीत सतरा नगरसेवक निवडून येतात, आणि सभेत बोलायचं त्यांनी. सरपंच जाऊन नगराध्यक्ष आले, ग्रामसेवक जाऊन मुख्याधिकारी आले, पण ग्रामसभेच्या जागी तितका घरगुती शब्द आला नाही. उभं राहून विचारायची ती जागा गेली, म्हणूनच 'आढावा' हा शब्द लोकांनी आपला करावा असं मला वाटतं. बातम्यांमध्ये 'आढावा बैठक' म्हणजे अधिकाऱ्यांची बैठक एवढाच अर्थ उरला आहे. सेवांचा आढावा म्हणजे ठरलेलं माप आणि मिळालेलं माप ताडून पाहणं. केंद्राच्या शहरी सेवांसाठीच्या २००८ च्या मापदंडांत नळाचं पाणी माणशी दररोज १३५ लिटर धरलं आहे. घरात माणसं पाच असतील तर पावणेसातशे लिटर, आणि तुमची टाकी किती भरते ते तुम्हालाच ठाऊक.

तर वापराचं उत्तर असं. अर्ज करताना 'प्रति, मुख्याधिकारी, नगरपंचायत' असंच लिहा, कारण कागदावर संस्थेचं नेमकं नाव लागतं. बातमीत पहिल्यांदा पूर्ण नाव द्या, पुढे 'पालिका' म्हटलं तरी चालेल. आणि ओट्यावर कुणी 'नगरपालिकेत घरपट्टी भरून आलो' म्हणालं, तर त्याला दुरुस्त करू नका.