बागेतले प्रश्न: कॅमेलिया पश्चिमेच्या भिंतीला

प्रश्न: ताई, आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ फॉल्समला राहतो. यंदा वसाहतीच्या बागसमितीत माझी वर्णी लागली आहे. फाटकापासून क्लबहाउसपर्यंत पायवाटेच्या कडेने दोन वर्षांपूर्वी कॅमेलिया या फुलझुडपाची चोवीस झाडं लावली होती. मागे भिंत, तिचं तोंड पश्चिमेला, आणि पुढे हिरवळ. पानं करपतात. कळ्या ढीगभर धरतात, पण उमलायच्या आत टपाटप गळतात. समितीतले काही जण म्हणतात, उपटून कण्हेर लावा. काय करू?

उत्तर: कण्हेर नको हो. इथल्या हायवेच्या कडेला ती मैलोन्‌मैल आहेच, शिवाय ती विषारी. वसाहतीत पोरंटोरं हिंडत असतात.

तुमच्या झाडांत काही खोट नाही, जागा चुकली आहे. आमच्या पहिल्या घरी मीही हेच केलं होतं. नर्सरीवाल्याने सांगितलं, ‘लावा कुठेही, चिवट आहे’, आणि मी पश्चिमेच्या भिंतीला लावून मोकळी झाले. जुलैत दुपारचा पारा अडतीस-चाळीसवर गेला की भिंत रात्री नऊपर्यंत तव्यासारखी तापलेली असायची. तिसऱ्या वर्षी झाड हलवलं, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली: मुळांचा गोळा मी चांगला चार बोटं खोल पुरला होता. कॅमेलियाची मुळं वरच्यावर पसरतात, त्यांना हवा लागते. गोळ्याचा माथा जमिनीच्या इंचभर वर राहिलेला बरा. आज एखाद्या झाडाच्या बुंध्याशी बोटाने माती उकरून पाहा. मूळ फुटायची जागा हाताला लागेना, तर तुमचंही तेच झालं आहे.

कळ्या गळण्याचं मुख्य कारण पाणी. पुढच्या हिवाळ्याच्या कळ्या हे झाड उन्हाळ्यातच धरतं, आणि नेमकं तेव्हा हिरवळीच्या फवाऱ्याचं पाणी त्याला मिळतं: रोज दहा मिनिटं, जमिनीचा वरचा थर भिजण्यापुरतं. ठिबकची वेगळी लाइन घ्या, आठवड्यातून एक-दोनदा सावकाश आणि खोल पाणी द्या. दोन-तीन इंच सालपटांचं आच्छादन घाला, फक्त बुंध्याला चिकटू देऊ नका. आणि माळ्याला बजावा की खाली कुदळ चालवायची नाही. अर्थात थोड्या कळ्या झाड स्वतःच टाकतं. जास्त झाल्या की आंबा नाही का मोहोर गाळत, तसंच.

पुनर्लागवड नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. झाड फुलावर असलं तरी चालतं, त्या काळात त्याची वाढ थांबलेली असते. जागा बघायची असेल तर एखाद्या रविवारी कॅपिटॉल पार्कात जा. सॅक्रामेंटोला ‘कॅमेलिया सिटी’ उगाच म्हणत नाहीत. जेम्स वॉरन नावाच्या बीबियाणं विकणाऱ्या माणसाने 1852 मध्ये बॉस्टनहून इथे कॅमेलिया आणली, आणि हे शहर तिच्या प्रेमातच पडलं. पार्कात ती उंच झाडांखाली गाळीव उन्हात उभी आहे. तुमच्याकडे क्लबहाउसची उत्तरेची बाजू असेल, किंवा पूर्वेची, जिथे दुपारी सावली येते, तिथे तुमची ही झाडं (कॅमेलियाची जपोनिका जात) हलवा. फक्त देशी ओकच्या थेट खाली नको. कॅमेलियाला उन्हाळ्यात पाणी लागतं आणि त्याच पाण्याने ओकची मुळं कुजतात. एकाला जगवायला दुसऱ्याचा जीव घेऊ नका, आणि ओक तर शंभर वर्षांचा असतो.

मग भिंतीशी काय? तिथे कॅमेलियाच हवी असेल तर ससांक्वा जातीची लावा. जपानमध्ये तिला साझांका म्हणतात, आणि तिची कुंपणं शहरांतून सर्रास दिसतात. पान बारीक, ऊन सोसण्याची ताकद जास्त, फूल ऑक्टोबरपासून. ‘कांजिरो’ उंच वाढते, ‘युलेटाइड’ लालभडक, मधे पिवळे केसर. पहिली दोन वर्षं मात्र दुपारी शेडनेट लावावंच लागेल. छाटणी फुलं संपल्यावर लगेच. ऑगस्टमध्ये कात्री फिरवलीत तर पुढचा बहर कापलात म्हणून समजा.

ससांक्वाचा आणखी एक फायदा समितीत आवर्जून सांगा. तिच्या पाकळ्या सुट्या गळतात. जपोनिकाचं फूल अख्खं पडतं, आणि पावसात पायवाटेवर त्यावरून पाय घसरतो. खाली पडलेली फुलं रोज उचला, कंपोस्टात टाकू नका, कचऱ्यात द्या. फुलांवर तपकिरी डाग पाडणारी बुरशी पडलेल्या फुलांतूनच पुढच्या वर्षी परत येते. आणि दर्शनी भागात पांढऱ्या जाती शक्यतो टाळा. पावसाचा डाग त्यांच्यावर लगेच उठून दिसतो.

माझ्या सासूबाई साताऱ्याहून पहिल्यांदा आल्या तेव्हा अंगणात पन्नासेक अख्खी फुलं पडलेली. त्यांनी एक उचलून हुंगलं. ‘वास नाही गं.’ मग म्हणाल्या, ‘आणि पडलेलं फूल देवाला चालत नाही, प्राजक्त सोडून.’ तरी टाकवेनात. शेवटी पितळी घंगाळात पाणी भरून त्यात तरंगत ठेवली. चांगली तीन दिवस टिकली.

प्रश्न: आम्ही पुण्यात कोथरूडला. भाची तिकडून कॅमेलियाचे फोटो पाठवते. सोसायटीच्या बागेत लावता येईल का?

उत्तर: खरं सांगायचं तर नको. चहाचं झुडूपही कॅमेलियाच, म्हणजे ही त्याची सख्खी बहीण. आसामला, दार्जिलिंगला, निलगिरीला जशी आम्लधर्मी, निचऱ्याची माती असते तशीच हिला हवी. पुण्याची काळी, चुनखडी माती आणि बोअरचं जड पाणी मिळालं की पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. वर एप्रिल-मे आहेच. कुंडीत एखादं हौसेने जगवाल, पण सोसायटीच्या खर्चाने वीस झाडं लावू नका. सावलीच्या बाजूला तगर लावा, कुंपणाला कुंती. चकचकीत पान आणि पांढरं भरगच्च फूल यांचाच मोह असेल तर मोठ्या कुंडीत अनंत. त्यालाही आम्लधर्मी मातीच आवडते, तेव्हा कोकोपीट आणि पालापाचोळ्याचं खत सढळ घाला. आणि त्याला वासही आहे.