स्क्रोल सॉसाठी भरवशाची ब्लेडं कोणती घ्यावीत?

तुमच्या प्रश्नावरून एवढं समजलं: १६ इंची स्क्रोल सॉ (बारीक ब्लेड वरखाली करून नक्षी कापणारं मशीन) ऑनलाइन मागवला, सोबतची ब्लेडं भराभर तुटतात, काप रेषा सोडून उजवीकडे जातो, आणि तुम्हाला १२ मिमी सागवानात व प्लायवूडमध्ये देवनागरी नेमप्लेट करायच्या आहेत. तुम्ही राहता चिपळूणला आणि विचारता, "कुठल्या कंपनीचं ब्लेड भरवशाचं?" मीही मुख्यतः नेमप्लेटच कापतो, त्यामुळे उत्तर त्याच अंगाने देतो.

कंपनीच्या आधी एक गोष्ट तपासा. तुमची ब्लेडं पिनवाली आहेत की बिनपिनची? दोन्ही टोकांना आडवी खिळ्यासारखी पिन असेल, तर ते ब्लेड अक्षराच्या आतल्या पोकळीत घालायला पाच-सहा मिलीमीटरचं भोक पाडावं लागतं. आता 'ब' डोळ्यासमोर आणा. गोलाच्या आत तिरकी रेघ, म्हणजे एका अक्षरात दोन पोकळ्या. अक्षर इंचभर उंचीचं असेल, तर ती अर्धी पोकळीच जेमतेम तीन-चार मिलीमीटर रुंद भरते. पिनेचं भोक पाडायला गेलात तर अक्षरच खाल्लं जाईल. बिनपिनच्या ब्लेडला दीड मिलीमीटरचं भोक पुरतं. म्हणून नेमप्लेटवाल्याने पिनवाल्या ब्लेडांच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. १६ इंची मशीनपैकी बऱ्याच मशीनांना बिनपिनचं ब्लेड धरायला दोन छोटे क्लॅम्प मिळतात, ॲलन चावीने आवळायचे. तुमच्या खोक्यात ते कुठेतरी पिशवीत पडलेले असतील, बघा. दोन्ही प्रकारांत ५ इंच लांबीचं ब्लेड हेच आज सर्रास चालतं.

आता ते उजवीकडे सरकणं. यात तुमच्या हाताचा दोष नाही. स्वस्त ब्लेडांचे दाते पट्टीतून दाबून किंवा कापून काढतात, तेव्हा एका अंगाला धातूची बारीक कोर उभी राहते. बोटाचं टोक ब्लेडच्या दोन्ही बाजूंवरून अलगद फिरवा, एक बाजू गुळगुळीत लागेल आणि दुसरी किंचित खरखरीत. खरखरीत बाजू जास्त लाकूड खाते आणि काप तिकडेच ओढला जातो. वळणावर हे जाणवत नाही, पण देवनागरीत सगळ्यात लांब कापायची असते ती शिरोरेषा, आणि तीच सरळ हवी. 'मातृछाया' कापताना 'तृ'च्या किंवा 'छ'च्या वळणात अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे झाला तर कोणाच्या लक्षात येत नाही, शिरोरेषा मात्र जराशी लहरली तरी दारात उभ्या माणसाला दिसते. म्हणून माझ्या लेखी भरवशाचं ब्लेड म्हणजे जे हातभर शिरोरेषा सरळ कापतं आणि 'ब'च्या कोपऱ्यात वळतं, ते.

यावर उपाय दोन. लाकूड समोरून नाकासमोर न ढकलता किंचित तिरकं धरून ढकलायचं. किती तिरकं, ते टाकाऊ तुकड्यावर आधी एक लांब रेघ कापून ठरवायचं. किंवा मशीन चालू असताना धार लावायचा बारीक दगड त्या खरखरीत बाजूला क्षणभर हलका टेकवायचा, कोर जरा मरते. याहून वरचा मार्ग म्हणजे घासून धार काढलेली, म्हणजे ग्राउंड दात्यांची ब्लेडं. ती महाग पडतात, पण जवळपास सरळ चालतात आणि कडा इतक्या साफ देतात की सँडपेपरचं काम निम्म्यावर येतं.

नावंच हवी असतील तर स्वित्झर्लंडचं पेगास आणि जर्मनीचं निक्वा ही दोन मी डोळे मिटून घेतो. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं "स्क्रोल सॉचं ब्लेड द्या" म्हटलं तर पुष्कळदा जिगसॉचं, म्हणजे हातात धरून चालवायच्या करवतीचं, ब्लेड हातावर ठेवतात, मग ते पुण्याच्या बोहरी आळीतलं दुकान असो की मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरचं. ते जाड, एका टोकाला खाच असलेलं ब्लेड तुमच्या मशीनमध्ये बसणारच नाही. जुनं ब्लेड खिशात घेऊन जा आणि समोर धरून दाखवा.

नाव नसलेलं ब्लेड घ्यायची वेळ आलीच, तर एक सोडवून हातात घ्या. दोन्ही टोकं धरून हलकी कमान करा आणि सोडा. चांगलं ब्लेड सटकन सरळ होतं, नरम पोलादाचं असेल तर बाक उरतो. मग उजेडाकडे धरून भिंगातून दाते बघा: सगळे सारख्या उंचीचे, सारख्या अंतरावर, टोकं तुटकी नाहीत. बारा-बारा ब्लेडं बारीक तारेने बांधून विकतात, त्यामुळे एक बघून जुडीचा अंदाज येतो.

आता आकडे. स्क्रोल सॉच्या ब्लेडात नंबर वाढला की ब्लेड जाड आणि दाते मोठे. २/० (दोन शून्य, १ हूनही बारीक), १, ३, ५, ७, ९, १२ असे नंबर चालतात. तुमच्या १२ मिमी सागवानाला ५ नंबर. ६ मिमी प्लायला ३ नंबर. ३ मिमीच्या पातळ प्लायला १ किंवा २/०. लाकूड १८-२० मिमीचं झालं की ७. मूळ नियम असा की कापताना किमान तीन दाते लाकडात असले पाहिजेत; त्याहून कमी असले तर लाकूड दात्यांत अडकून उडतं. जाड लाकडाला बारीक ब्लेड लावलं तर उलट होतं, दात्यांमधल्या जागेत भुसा साठतो, बाहेर पडत नाही, ब्लेड तापतं आणि कडा काळ्या पडतात. एक दाता सोडून पुढचा दाता असलेली स्किप टूथ ब्लेडं यासाठीच असतात, भुश्याला वाट मिळते.

तुम्ही रिव्हर्स स्किप टूथ घ्या. यात खालचे मोजके दाते उलटे, वर तोंड केलेले असतात. ब्लेड वर जाताना ते खालच्या बाजूची कुसळं साफ करतात. प्लायवूडच्या मागच्या बाजूला जो बाहेरचा पापुद्रा उखडतो, तो यामुळे जवळजवळ थांबतो. मात्र ब्लेड बसवताना मशीनचा हात (ब्लेड धरून वरखाली होणारी दांडी) सगळ्यात वरच्या स्थितीत आणून बघा: टेबलाच्या वर दोन-तीन उलटे दाते दिसायला हवेत. एकही दिसत नसेल तर ते दाते टेबलाखालीच वरखाली होतात आणि तुम्ही दिलेले जास्तीचे पैसे वाया. बाकीच्या दात्यांचं तोंड समोर आणि खाली.

स्पायरल ब्लेड, म्हणजे पीळ दिलेलं, चारी बाजूंनी कापणारं, अक्षरांसाठी घेऊ नका. काप रुंद आणि खरबरीत येतो आणि सरळ रेघ त्याच्याने होत नाही. मोठा पॅनल मशीनच्या हातात वळत नसेल तिथेच त्याचा उपयोग.

तुटण्याबद्दल. ब्लेड कुठे तुटतं ते बघा. क्लॅम्पपाशी तुटत असेल तर बहुतेक वेळा ते वाकडं धरलं गेलंय किंवा वरचा आणि खालचा क्लॅम्प एका ओळीत नाही. मधोमध तुटत असेल तर ब्लेड बोथट झालंय आणि तुम्ही जोर लावताय, किंवा ताण चुकलाय. ताण बघायला ब्लेड तारेसारखं नखाने छेडा: 'टिंग' असा चढा, स्वच्छ आवाज यायला हवा. भद्द आवाज म्हणजे ढिलं. बोटाने बाजूने दाबलं तर साधारण तीन मिलीमीटरच हलावं.

आणि सागवान आहे हे विसरू नका. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचंच द्रव्य, आणि ती दाते झिजवते. प्लायमधला डिंकही तेच करतो. लाकूड ढकलायला जोर लागू लागला, वळणावर धूर दिसला, की ब्लेड बदला; तुटेपर्यंत थांबणं महागात पडतं, कारण खराब होते ती सागाची पाटी. ब्लेड थोडं जास्त टिकवायचं असेल तर एक युक्ती आहे. मशीनचा हात जेमतेम पाऊण इंच वरखाली होतो, म्हणून ब्लेडचा ठरावीक भागच झिजतो, वरचे दाते कोरेच राहतात. टेबलावर ६ मिमी प्लायचा तुकडा दुहेरी टेपने चिकटवून त्यावर काम केलं की नवे दाते कामाला लागतात. रिव्हर्स ब्लेडचे उलटे दाते मग खालीच राहतात, त्यामुळे हे सागाला करा, प्लायला नको. सागावर नक्षीच्या कागदावरून पारदर्शक पॅकिंग टेप लावली तर कडा जळणंही कमी होतं.

शब्द निवडताना एक लक्षात ठेवा. शिरोरेषेमुळे 'मातृछाया'सारखा शब्द एकाच तुकड्यात निघतो, पण 'भ', 'ध', 'थ' यांच्या डोक्यावर रेषा तुटते, त्यामुळे 'वैभव' दोन तुकड्यांत सुटा होतो आणि अनुस्वाराचा टिंब तर नेहमीच वेगळा. असे शब्द मागच्या पाटीवर चिकटवावे लागतात. टिंब आधी कापून डबीत ठेवा, भुश्यात पडला की सापडत नाही.

पहिल्या मागणीत ५ नंबर रिव्हर्स दोन डझन, ३ नंबर एक डझन, १ नंबर अर्धा डझन एवढं पुरे. पाकिटातून काढल्यावर ३ आणि ५ नजरेला सारखेच दिसतात, तेव्हा प्रत्येक नंबराला वेगळी झाकणाची नळी आणि वर चिठ्ठी. चिपळूणच्या पावसाळ्यात उघडी ब्लेडं आठवड्यात तांबूस होतात. मशीनच्या तेलाचा पुसटसा हात फिरवून ठेवा, आणि लावण्याआधी कोरड्या कापडाने पुसा, नाहीतर तेलाचा डाग सागात उतरतो आणि पॉलिश तिथे धरत नाही.